नाव, वजन, मालक

पाटी रंगवताना पेंटरनं दोनदा विचारलं,
“फक्त मांजरं? म्हशी नकोत?”
आणि उरलेल्या जागेत स्वतःच्या मनानं
एक कुत्रं काढून ठेवलं.
ते अजून आहे तिथं, उन्हानं विटलेलं.
रुग्ण त्याच्याकडे बघत आत येतात.

साखर पेठेच्या मागच्या या बोळात
सकाळी दहालाच पत्रा तापतो.
टेबलावर मी ओला टॉवेल अंथरते,
इथलाच, काठ चुकलेला, दुसऱ्या दर्जात निघालेला.
नखांना धरायला बरा.

एका जनावराला या गल्लीत चार नावं :
पिल्ली, बेक्कू, बिल्ली, मांजर.
चारी हाकांना ते सारखंच
ओ देत नाही.

वडील पाहुण्यांना सांगतात, “जनावरांची डॉक्टर आहे.”
कुठली जनावरं, ते सांगत नाहीत.
त्यांच्या मनात मी अजून मंगळवेढ्याकडे कुठंतरी
खांद्यापर्यंत हात घालून वासरू ओढते आहे.

गुरुलिंगच्या रिक्षाला मांजर आडवं गेलं
की तो थांबतो, तीन पावलं मागं घेतो,
मग मागच्या सीटवरचं पिंजऱ्यातलं मांजर
माझ्या दारात आणून उतरवतो.
“ते वेगळं ओ,” म्हणतो, “हे भाड्याचं आहे.”

पाणी यायच्या दिवशी दवाखान्यात कुणी फिरकत नाही.
चार दिवसांनी येतं, तासभर.
त्या दिवशी अंबूबाई येमूल आल्या,
घागरी नळाखाली रिकाम्या ठेवून.
सुपात, तंबाखूच्या भुक्क्यावर, राखाडी मांजर.
“तीन दिवस झालं काय बी खाईनालंय बघा.
जिभेखाली दोरा हाय. ओढाय गेले तर ओरडालंय.”

ओढू नका, मी म्हटलं,
वाटलं त्याहून जोरात.
दोरा जिभेच्या मुळाशी अडकतो,
दुसरं टोक आत चालत राहतं,
आणि आतडं त्याच्यावर चुणत जातं,
नाडी ओढलेल्या परकराच्या नेफ्यासारखं.
ओढला, की कापतो.

पोट उघडलं आणि वीज गेली.
समोरच्या कारखान्यातले माग एकदम थांबले,
इतकं शांत झालं की तिचा श्वास ऐकू आला.
गुरुलिंगनं मोबाईलचा उजेड धरला,
तोंड भिंतीकडे करून.
आधी जिभेखालची गाठ कापली,
मग आतड्यावर तीन ठिकाणी छेद घेतला.
लाल दोरा निघत राहिला,
चादरीवरच्या मोराच्या तुऱ्याचा लाल,
सव्वा हात.
शेवटचा टाका घालताना वीज आली,
माग पुन्हा खडखडू लागले
आणि माझा हात, नको असताना, त्यांच्या ठेक्यात चालू लागला.

दोरा अंबूबाईंनी मागून घेतला.
बादलीत खळबळून बोटाला गुंडाळला,
विडी बांधताना गुंडाळतात तसा,
न बघता.

मग मी वही काढली.
नाव? “पिल्लीच म्हणतो की.”
वजन दोन किलो आठशे.
मालक?
त्या दचकल्या.
“मालक सुरतला गेलं की ओ, माग भंगारात घालून.
माझं पोरगं कुलूप लावाय गेलं
तर ही आत, रिकाम्या बॉबिनवर बसलेली.”

पैसे दर शनिवारी येतात, शंभर-शंभर,
नोटांना तंबाखूचा वास.
सगळ्यांचं असं होत नाही.
जुलैत तसाच दोरा घेऊन दुसरं एक आलं,
घरी कुणीतरी काळजीनंच ओढलेला.
त्याची वहीत एकच ओळ आहे,
वजनासकट.

पिल्ली परवा टाके काढायला आली,
मला ओरखडली, टेबलाखाली जाऊन बसली.
तिच्या पानावर एक रकाना रिकामा आहे.
अंबूबाईंना पुन्हा विचारायचं होतं,
पण त्यांना घाई होती,
पाणी यायचा दिवस होता.